वस्तरा

अचाओ गावात, धक्क्याच्या चढावर माझं सलून.
तीस वर्षं माणसांची डोकी केली.
परवा पहिल्यांदा पोटं केली.

अग्निशमनवाल्यांच्या शेडमध्ये. बंब बाहेर पावसात,
आत चार टेबलं, एक लाकडांची शेगडी,
आणि दाल्काउएच्या फेरीने आलेली डॉक्टरीण, येसेनिया उरिबे,
वय माझ्या मुलीएवढं, आवाज मास्तरणीचा.
सकाळीच तिचं भादरायचं मशीन बंद पडलं.
म्हणाली, गावात हात न थरथरणारं कुणी आहे?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

झोपवलेल्या कुत्रीचं पोट
म्हणजे काही हनुवटी नव्हे.
कातडी सैल, सरकती,
सडांमधून वस्तरा असा काढायचा
जशी ओहोटीला खडकांतून होडी.
आणि सड लपवत नाहीत काही.
लोंबलेले, काळवंडलेले, ओढून ओढून चामडं झालेले.
कुणाची दोन वेतं, कुणाची सात,
मालकापेक्षा मला आधी कळत होतं.

शाळेतल्या बाईंनी एकाच उशीच्या अभ्र्यात तीन मांजरी आणल्या.
नाउएल नावाचा पोरगा नंबराची चिठ्ठी घामाने ओली करून उभा.
एका आजींनी विचारलं, ही नंतर उदास नाही ना होणार?
येसेनिया म्हणाली, दमलेली आहे ती, उदास नाही.
आणि खाटीक, कोपऱ्यातून:
माझा तर नर आहे, तो कुठे वितो?
वीत नाही, ती हातमोजे चढवत म्हणाली,
पेरतो ना?
शेडभर हशा. खाटकाचा कान लाल.
दुपारी घेऊन आला, मुकाट्याने.

सगळ्यात शेवटी एलेउतेरिओ मान्सिया.
त्याची कुत्री चिस्पा, म्हणजे ठिणगी,
छातीशी धरलेली, बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून.

ते पोतं मी ओळखतो.
ते नाही, तसलं.
वर्षातून दोनदा त्याच्या होडीत एक पोतं चढायचं,
तोंड सुतळीने बांधलेलं, तळाशी दगड,
आणि होडी परतायची तेव्हा पोतं नसायचं.
माझ्या खिडकीतून धक्का सरळ दिसतो.
अशा वेळी मी गिऱ्हाइकाची मान खाली दाबायचो,
मानेवरचे केस काढायच्या निमित्ताने.
स्वतःचीही खालीच ठेवायचो.
वाईट माणूस नाही तो.
त्याच्या बापानेही हेच केलं, माझ्याही.
पिल्लांचे डोळे उघडायच्या आत, म्हणायचे,
म्हणजे पाप नाही.
कुणाचे डोळे, ते कुणी विचारलं नाही.

चिस्पाचे सड मी मोजले नाहीत.
वस्तरा चालवला, साबण पुसला.
तिचा पुढचा पाय तो धरून होता, दोन्ही हातांनी,
जाड, मिठाने चिरलेले हात,
आणि हात न थरथरणारं गावात कुणी होतं
तर ते त्या वेळी तो नव्हता.
किती पैसे, त्याने विचारलं.
काही नाही, येसेनिया म्हणाली.
त्याला ते पटलं नाही.
फुकट मिळालेल्या गोष्टीला तो फार घाबरतो.

तिला शुद्ध यायला तास लागला.
थंडीने कुडकुडली, तर याने अंगातला लोकरी स्वेटर काढला,
बायकोने विणलेला, ती जायच्या आदल्या हिवाळ्यात,
आणि स्वतः बनियनवर शेगडीपाशी बसला.
पोतं जमिनीवर पडून होतं.
मी उचलून दिलं, तर म्हणाला,
असू दे. दाराशी टाक, पाय पुसायला.

आज सकाळी तो खुर्चीत येऊन बसला.
दाढी. नेहमीसारखा गप्प.
बाहेर त्याची होडी बांधलेली, पाणी पोलादी.
धक्क्यावर दोन हाडकुळी कुत्री, कुणाचीच नाहीत,
मासळीच्या टोपल्या हुंगत.
त्यातली एक पोटुशी.

मान वर, मी म्हणालो.
त्याने वर केली.
आरशातून खिडकी दिसते, खिडकीतून ती.
बराच वेळ बघत राहिला, गालावर फेस तसाच.
मग म्हणाला,
ती डॉक्टरीण परत कधी येणार?
मार्चला, मी म्हणालो.
मार्च, तो म्हणाला,
आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला.